थंड नळीतली पहिली गोळी

फोन फ्राउ केलर यांचा होता. वसुधाताईच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या या आजींनी त्याआधी मला कधीच फोन केला नव्हता, त्यामुळे कारखान्यातून परतताना एस-बान लोकलमध्ये त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी पहिल्याच रिंगला फोन उचलला. "अँब्युलन्स आत्ताच तिला घेऊन गेली," त्या एकेक शब्द सुटा करून जर्मनमध्ये म्हणाल्या. मेंदूत रक्तस्राव. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मशीनवर श्वास चालू होता... दुसऱ्या दिवशी तोही थांबला. या गोष्टीला आता दीडेक महिना होईल, पण ताईविषयी लिहायला बसलो की अजूनही सगळं भूतकाळात लिहिताना हात अडतो.

वसुधाताई माझी मावसबहीण. पुण्यातून डॉक्टरेटसाठी जर्मनीत आली, स्टुटगार्टमध्ये नोकरीला लागली, आणि ऑफिसातल्याच मार्टिनशी लग्न करून इथलीच झाली. काही वर्षांनी मी कॉन्ट्रॅक्टवर आलो तेव्हा वोनुंग, म्हणजे भाड्याचा फ्लॅट, मिळेपर्यंत त्यांच्याकडेच होतो. मार्टिन उंच, अबोल, हसला की डोळे बंद होणारा. मावशी फोनवर त्याला 'मार्टिनराव' म्हणायची आणि तो न चुकता "काय म्हणता आई?" एवढं मराठी बोलून रिसीव्हर ताईच्या हातात द्यायचा. त्याला शिकारीचा नाद होता. शनिवारी तो जंगलात जायचा आणि ताई घरी पुस्तक वाचत पडायची. कपाटातल्या त्याच्या रायफलीला ती 'माझी सवत' म्हणायची. "सवतीला तेलपाणी झालं का? आता माझ्या चहाचं बघा," असं ती मराठीतच म्हणायची, आणि त्याला ते कळायचं.

ज्या उन्हाळ्यात इथे फुटबॉलचा विश्वचषक झाला, त्याच वर्षीच्या शरदात मार्टिन मचाणावर बसल्याबसल्या हार्ट अटॅकने गेला. त्याचा शिकारीतला मित्र डीटर त्याला शोधत सकाळी तिथे गेला, तर मार्टिन पाठ टेकून बसलेला, रायफल मांडीवर. नळीत काडतूस होतं आणि चाप अडवणारी सेफ्टी काढलेली होती. डीटरने हे पोलिसांना सांगितलं आणि पोलिसांनी ताईला. त्यांच्या दृष्टीने तो नोंदीचा एक तपशील होता... ताईच्या डोक्यातून मात्र तो कधी गेला नाही. "सेफ्टी काढलेली होती, म्हणजे समोर काहीतरी आलं होतं रे," ती भाजी चिरता चिरता मध्येच थांबून म्हणायची. मी विषय बदलायचो. ती परत चिरायला लागायची.

ती रायफल विकून टाकेल असं सगळ्यांनीच धरलं होतं. तिने उलट डीटरच्या शुट्झेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या मंडळात, नाव घातलं. परवाना मिळेपर्यंत रायफल डीटरच्या कपाटात राहिली आणि ताई त्याच्याच देखरेखीखाली शिकत राहिली. पन्नाशीची बाई, आयुष्यात माशीही न मारलेली. पुढे तिने तीनशे मीटरच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं तेव्हा डीटरने डोक्याला हात लावला. "वसुधा, ही शिकारीची रायफल आहे. नळी बारीक. दोन-तीन बारांत तापते आणि गोळ्या भरकटतात. मंडळाची जड नळीची घे." ताई म्हणाली, "नाइन." नाही म्हणजे नाही. "मग निदान हिच्यावरची दुर्बीण तरी बदल. हिच्यातून तुला तुझीच गोळी कुठे लागली ते दिसणार नाही." त्यावरही "नाइन." मंडळातून तिला घेऊन परतताना गाडीत मी विचारलं, हा हट्ट कशासाठी? ती म्हणाली, "त्यानं शेवटचं जे काय पाहिलं ना, ते या काचेतून पाहिलं."



स्पर्धेच्या दिवशी ऊन होतं. ताईने मार्टिनचं हिरवं जाकीट घातलं होतं, बाह्या दोनदा दुमडून. आजूबाजूला जाडजूड नळ्यांच्या रायफली घेतलेले पुरुष पालथे पडलेले आणि त्यांच्यात ती. डीटर मोठ्या दुर्बिणीतून तिचं लक्ष्य बघत होता. तिची पहिली गोळी सुटली आणि तो जवळजवळ ओरडलाच, "त्सेन!" दहा. अगदी मधोमध. नंतर मात्र त्याने सांगितलं होतं तसंच झालं. नळी गार व्हावी म्हणून ती थांबायची, पण वेळ संपत होता. गोळ्या वर सरकत गेल्या, शेवटच्या दोन काळ्या वर्तुळाबाहेर. निकालात ती तळाशी होती. लोकांनी पाठ थोपटली, कुणीतरी बिअर आणून दिली. ती बाकावर बसून दुखरा खांदा चोळत होती.

"डीटर, नळी थंड असली की पहिली गोळी बरोबर लागते ना? नेहमी?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. शिकाऱ्याला तेवढंच लागतं."

"मग त्यानं का नाही झाडली?"

डीटरने ग्लास खाली ठेवला. मग खाली बघतच बोलला, "मचाणासमोरचं गवत दबलेलं होतं. काहीतरी बराच वेळ उभं असणार तिथे. कधी कधी आम्ही नेम धरतो, वसुधा, आणि मग नुसतेच बघत राहतो. मीसुद्धा."

घरी येताना ताईने विचारलं, "म्हणजे घाबरलेला नसेल ना तो? बघत होता फक्त?" मी म्हटलं, नसेलच घाबरलेला. "तुला काय माहीत," ती म्हणाली आणि कितीतरी महिन्यांनी हसली... आणि मग रडली.

त्यानंतरही ती जात राहिली. त्याच रायफलीने, त्याच काचेतून. निकालात एकदाही वर आली नाही. डीटर म्हणायचा, पहिल्या गोळीआधी ती इतका वेळ बघत बसते की शेजारच्यांची निम्मी काडतुसं संपतात. काय दिसायचं तिला? मी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

गेल्या आठवड्यात तिचं घर रिकामं करायला गेलो. रायफल डीटर रीतसर घेऊन गेला होता. पॅसेजमधला गालिचा गुंडाळायला वाकलो तर त्यावर दोन जागी लोकर पार झिजून सुतळी वर आलेली दिसली, खांद्याएवढ्या अंतरावर. कोपरांच्या जागा. समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेनाने काढलेला मोहरीएवढा काळा ठिपका. मी गालिचा तसाच ठेवून किल्ली द्यायला खाली गेलो आणि फ्राउ केलरना त्याबद्दल विचारलं.

"रोज संध्याकाळी ती तिथे रिकामी रायफल घेऊन सराव करायची," त्या म्हणाल्या. "आधी खूप वेळ शांत. मग एक बारीक टक्. मला छतातून ऐकू यायचं." त्यांनी किल्ली हातात घेतली. "मी अजून त्या वेळेला टीव्हीचा आवाज बारीक करते."