ईदची परत केलेली पेटी

आमच्या ह्यांची उभी हयात हवाई दलाच्या खरेदी विभागात गेली. विमान कधी उडवलं नाही. विमानासाठी काय घ्यायचं, कोणाकडून घ्यायचं आणि काय नाकारायचं, हे ह्यांचं काम. नाकारण्यात तर हातखंडा. दिवाळीत पुरवठादारांच्या मिठाईच्या पेट्या क्वार्टरच्या दारात यायच्या आणि तशाच परत जायच्या. नुसत्या जायच्या नाहीत. वस्तू परत मिळाली म्हणून आणणाऱ्याची कागदावर सही घ्यायची, उद्या कोणी बोट दाखवायला नको. लेक तेव्हा लहान होती, काजूकतलीसाठी भोकाड पसरायची आणि हे तिला लाचलुचपतीवर व्याख्यान द्यायचे. मला तेव्हा हसू यायचं.

निवृत्त झाल्यावर ह्यांना सौदीत, जुबैलला नोकरी लागली. कंपनी एका सौदी मालकाची, हेलिकॉप्टरचे सुटे भाग मागवून पुरवणारी. ह्यांनी तपासून हो म्हटलं की माल पुढे जायचा. मालक धाहरानला राहायचा. तोच आमचा कफील, म्हणजे आमचा इकामा, तिथे राहायचा परवानाच त्याच्या हातात. माणूस वाईट नव्हता हो. पगार वेळेवर द्यायचा, ह्यांना 'कमांडर' म्हणायचा. लेकीला तिथल्याच भारतीय शाळेत अकरावीत घातलं. पहिल्या बकरी ईदला आम्ही सुट्टीवर नाशकात होतो. दुसऱ्या ईदला, लेक बारावीत असताना, मालकाच्या घरून पेटी आली. खजूर, अत्तर आणि एक घड्याळ. सगळ्या वरच्या लोकांकडे जायची तशीच.

मी म्हटलं, अहो, हा पुरवठादार नाही, मालक आहे, ठेवून घ्या. तर म्हणे, मालकाचा भाऊ कंपनीला बेअरिंग विकतो, घर एकच. झालं! पेटी परत. एवढ्यावर थांबतील तर ते हे कसले? आत जाऊन कागद छापून आणला आणि ड्रायव्हरकडे सही मागितली. मालकाच्या ड्रायव्हरकडे, ऐन ईदच्या दिवशी! तो बिचारा गांगरला. त्याने तिथूनच मालकाला फोन लावला आणि सही करू का म्हणून विचारलं. मी कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमची शेजारीण श्रीवर्धनची, तिचा नवरा तिथे वर्षानुवर्षं दुकान चालवायचा. तिला सगळं सांगितलं. "वहिनी, पेटी परत केली ते एक वेळ खपलं असतं," ती म्हणाली. "सही मागितली म्हणजे त्याला चोर म्हटलं."

दिवाळी सरली तेव्हा ऑफिसातून निरोप आला, इकामा वाढवणार नाही, खलास. डिसेंबरात देश सोडायचा. लेकीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, केंद्र जुबैललाच, आणि बारावीच्या अर्ध्या वर्षात तिला दुसरी शाळा घेईना. मला नोकरी नको होती की पैसा नको होता. परीक्षा होईपर्यंत राहू द्या, एवढंच.

ह्यांना म्हटलं, धाहरानला जा, त्याच्या बैठकीत बसा, एक पेला कॉफी प्या, विषय संपेल. "मी काही चूक केलेली नाही," एवढंच उत्तर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

शेवटी मीच गेले. करंज्या तळल्या, अरबी बोलायला शेजारणीला बरोबर घेतलं आणि मालकाच्या आईसमोर जाऊन बसले. म्हातारीने मला जवळ घेतलं, कॉफी दिली, दोन करंज्या खाल्ल्या, वाहवा केली. मी लेकीचं सांगितलं. तिने वय विचारलं. सतरा ऐकून म्हणाली, मग परीक्षा कशाला, लग्न लावून दे. बसलेल्या बायका हसल्या. मीसुद्धा हसले, काय करणार, मागायला गेले होते. पुरुषांच्या कामात मी पडत नाही, असं म्हणून तिने आम्हाला दारापर्यंत सोडलं. तिथे माझा हात हातात घेऊन अगदी गोड आवाजात बोलली, आणि शेजारणीने मान खाली घालून मला मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, ती पेटी माझ्या मुलाने ड्रायव्हरलाच देऊन टाकली. त्याला घ्यायची कशी ते कळतं."

मग पोरीला परीक्षेपुरतं कोणीतरी व्हिजिट व्हिसावर परत बोलवावं म्हणून दारोदार फिरले. ओळखीच्या मराठी इंजिनियरांनी हात वर केले. त्या मालकाच्या डोळ्यांत कोण खुपणार? आम्ही नाशकाला आलो आणि पोरीच्या वर्षावर पाणी सोडलं.

इथे ह्यांचा थाटच न्यारा. जुने हवाई दलवाले जमले की हे पेटीची गोष्ट सांगायचे, अगदी सहीसकट. लोक पाठ थोपटायचे, शेखलासुद्धा सोडलं नाही म्हणायचे. लेक चहा आणून ठेवायची आणि आत निघून जायची. मला त्या माणसांचा आणि ह्यांचा असा राग यायचा की कप फोडावेसे वाटायचे.

फेब्रुवारीत जुबैलच्या मैत्रिणीने गणिताचा पेपर झाल्याबरोबर त्याचा फोटो पाठवला. लेकीने तो दार लावून सोडवला. मी बाहेरून एकदा पाणी हवं का विचारलं. बाहेर आली ती डोळे सुजवून, कागद जेवणाच्या टेबलावर टाकले आणि तोंड धुवायला गेली. ह्यांनी चष्मा लावला. एकेक गणित तपासलं, कुठे काही सापडलं नाही. ती टॉवेलने तोंड पुसत आली तेव्हा हे खूश होऊन म्हणाले, "सगळी बरोबर आहेत गं. सोपा होता पेपर."

मला वाटलं आता ती रडेल, ओरडेल, कागद तोंडावर फेकेल. फेकले असते तर बरं झालं असतं. तिने टॉवेल नीट वाळत घातला आणि मला कणिक मळून देऊ का म्हणून विचारलं.

त्या दिवसापासून ती ह्यांना बाबा म्हणत नाही. जेवणं तयार झाली की स्वयंपाकघरातून मलाच म्हणते, "आई, त्यांना सांग, ताट वाढलंय."