झांबियाच्या हत्तींना ब्याडगी चालते

२००८च्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची, मुकुंदची, अशी ठाम समजूत होती की दुबईतला प्रत्येक टॉवर त्याच्यावाचून अडलाय. एका कन्स्ट्रक्शन कंपनीत तो प्लॅनिंग इंजिनीअर. त्याच भरात त्याने पुढच्या मार्चमधल्या माझ्या शाळेच्या सुट्टीची तीन तिकिटं काढून टाकली. दुबई ते जोहान्सबर्ग, तिथून झांबियातलं लिव्हिंग्स्टन. माणशी चौतीसशे दिरहम, म्हणजे पंचेचाळीसेक हजार रुपये. वर नदीकाठचं एक लॉज, ज्याच्या बाथटबमधून म्हणे जिराफ दिसायचे.

मार्च उजाडेपर्यंत टॉवर होते तिथे थांबले आणि कंपनीने मुकुंदला तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेवर पाठवलं. "बोलावू, इन्शाल्ला," एवढंच एचआरवाला म्हणाला. तेव्हापासून हा इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरात सोफ्यावर, फोन छातीवर ठेवून पडलेला. फोन वाजला की ताडकन उठायचा. बहुतेक वेळा मीच असायचे, शाळेतून, खाली जाऊन दूध आण म्हणून सांगायला. शाळेत माझी नोकरी चालू होती, त्यामुळे उपाशी मरायची भीती नव्हती. मला भीती वाटत होती ती त्या सोफ्याची. माणूस हळूहळू त्यात मुरत चालला होता.

लॉजचे पैसे परत मिळत होते, तिकिटांचे नव्हते. आम्ही पडलो पुण्याचे, काढलेलं तिकीट वाया घालवलं तर झोप लागत नाही. म्हणून मी नेटवर शोधाशोध केली आणि लिव्हिंग्स्टनपासून तासाभरावरच्या एका गावातली छोटीशी संस्था सापडली. राहणं-जेवण माणशी रोजचे पंचवीस डॉलर, बदल्यात आपण काम करायचं. काम काय, तर हत्तींपासून मक्याची शेतं राखायची. हत्तीच्या शेणात मिरची कालवून विटा थापायच्या, वाळवायच्या आणि शेताच्या कडेला धुमसत ठेवायच्या. हत्तीला मिरचीचा धूर सोसत नाही.

"म्हणजे पैसे भरून शेण कालवायचं," मुकुंद म्हणाला.

"सोफ्यावर फुकट पडण्यापेक्षा बरं," मी म्हणाले.

आमची तेरा वर्षांची ईरा म्हणाली, "ओ माय गॉड, कॅन आय टेल माय फ्रेंड्स इट्स अ सफारी?"

संस्थेची ईमेल आली. यंदा इकडे मिरची कमी पिकली आहे, जमल्यास पाच किलो पूड आणा. मी पेपर तपासण्यात बुडाले होते, म्हणून ते काम मुकुंदवर सोपवलं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला काम मिळालं होतं, तो पेटलाच. बसने देराच्या मसाला बाजारात गेला, तीन दुकानं फिरला, घासाघीस केली आणि पाच किलोची पाकिटं घेऊन विजयी मुद्रेने परत आला. "कलर बघ. दुकानदार म्हणाला, हबीबी, इससे लाल नहीं मिलेगा." मी पेपरावरून मान वर केली, "छान आहे" म्हणाले आणि पुढचा पेपर ओढला. माझी चूक तेवढीच, पण ती आहे. स्वयंपाक करणाऱ्या वाचकांना एव्हाना सगळं कळलं असेल.

लिव्हिंग्स्टनच्या छोट्याशा विमानतळावर कस्टम्सवाल्याने एक पाकीट उघडलं, नाक आत घालून खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "ब्युटिफुल." शिंकला नाही, की डोळ्यांत पाणी नाही. माझी ट्यूब तिथेच पेटायला हवी होती.

(जाणाऱ्यांसाठी: मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधीच सुरू करा. डॉलर सुट्टे न्या. तिथल्या क्वाचाच्या नोटा हजारांच्या असतात आणि भाजी घेताना उगाच श्रीमंत वाटतं.)

गावात आमचं यजमानपद मुतिंताकडे होतं. चाळिशीची, धिप्पाड, हसली की अंगणभर ऐकू येणारी. नवरा खाणीत कामाला, दूर उत्तरेला. शेत हिचं हिनेच सांभाळायचं. पहिल्या संध्याकाळी तिने आम्हाला नशिमा वाढला. मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, हाताने गोळा करून खायची. सोबत पालेभाजी, आणि तिच्यात चक्क दाण्याचं कूट! मुकुंदने तीनदा मागून घेतलं. मग मुतिंताने आम्हाला शेत दाखवलं. मका डोक्याच्या वर गेलेला, काढणीला जेमतेम महिना. तिने सरळ इंग्रजीत सांगितलं, "हाच नशिमा आम्ही वर्षभर खातो. गेल्या वर्षी हत्तींनी अर्धा नेला. डिसेंबरपासून मी बहिणीच्या दारात पीठ मागायला जात होते. यंदा जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गोवऱ्या थापल्या. जन्मात कधी गाईच्या शेणाला हात लावला नव्हता आणि सुरुवात एकदम हत्तीपासून. खरं सांगते, वास फारसा नसतो, वाळल्या गवताचा येतो तेवढाच. ईरा आधी चेहरा वाकडा करून लांब उभी राहिली, मग मुतिंताच्या पुतणीशी पैज लावून आमच्या दोघांपेक्षा जास्त थापून मोकळी झाली. मुकुंदने विटांना लाकडी साचा बनवला आणि सगळ्या एका मापाच्या काढल्या. मुतिंता त्याला "इंजिनीअर" म्हणू लागली. दर तासाला मात्र इंजिनीअर शेजारच्या पुरुषभर उंच वारुळावर चढून फोनला रेंज येते का ते बघत होते. "कंपनीचा फोन आला तर?" मी म्हटलं, "तर वारुळावर आहे म्हणून सांग."

विटा वाळायला तीन दिवस लागतात, तेवढ्यात आम्ही फिरून घेतलं. व्हिक्टोरिया धबधबा मार्च-एप्रिलमध्ये इतका भरलेला असतो की दिसत नाही, फक्त भिजवतो. रेनकोट भाड्याने मिळतो, घेऊ नका, तसाही काही उपयोग होत नाही. शहरालगतच्या राखीव जंगलात जीपने अर्धा दिवस हिंडलो. झेब्रे, जिराफ, रानम्हशी, आणि बंदूकधारी पहारेकऱ्यांच्या गराड्यात चरणारा एक गेंडा. एवढी सिक्युरिटी आमच्या कंपनीच्या चेअरमनलाही नव्हती, असं मुकुंदचं मत पडलं. परतीच्या वाटेवर हत्तींचा कळप आडवा आला. एक पिल्लू, आईच्या पोटाखालून सोंड बाहेर काढून आमच्याकडे बघणारं. मुकुंदने नकळत हात जोडले. संध्याकाळी ईराने ते मुतिंताला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, "त्यांच्यासमोर हात जोडायला माझे हात मोकळे नसतात, हातात दगड असतो."

पाचव्या दिवशी सूर्य कलायला लागल्यावर विटा पेटवल्या. जाडसर पांढरा धूर शेतावर पसरला. आम्ही सगळे कडेला उभे होतो, आणि कुणालाच ठसका लागला नाही.

आता इथे माझ्यातली आई-आजी जागी झाली. आपल्याकडे मीठ-मिरच्या ओवाळून जाळतात आणि ठसका लागला नाही की काय म्हणतात? दृष्ट होती, उतरली. मी तर खूशच झाले. मुतिंताला कौतुकाने सांगितलं, "बघ, केवढी दृष्ट लागली होती तुझ्या शेताला. गेली सगळी." मनात म्हटलं, जाता जाता मुकुंदच्या नोकरीचीही गेली असेल. ईरा म्हणाली, "आई, दॅट्स नॉट हाऊ सायन्स वर्क्स." मी तिला गप्प बसवलं. मुतिंताने पाहुण्यांच्या भिडेने मान डोलावली असावी.

सकाळी शेताची पश्चिमेकडची कड भुईसपाट झालेली होती. ताटं मोडलेली, कणसं सोलून नेलेली, मऊ मातीत परातीएवढे पाय उमटलेले. आमची एक वीट अजून धुमसत होती आणि तिच्या अगदी शेजारून, बिनधास्त, पावलं गेली होती. साधारण पाव शेत गेलं होतं.

मुतिंताने उरलेल्या पाकिटात बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा लावलं. मग म्हणाली, "इंजिनीअर, ही भाजीत घालायची मिरची आहे. सुंदर आहे. हत्तींनाही आवडली."

मीही चाखली. ब्याडगी. रंग देणारी, तिखटाशी फारसं देणंघेणं नसलेली. मुकुंद मटकन बांधावर बसला. कंपनीने रजेवर पाठवलं त्या दिवशीसुद्धा त्याचा चेहरा असा पडला नव्हता. "एक काम होतं, वैजू," तो मला म्हणाला, "एवढं एक काम होतं." मी एरवी अशा वेळी टोमणा मारते, पण त्या सकाळी त्याच्याशेजारी बांधावर जाऊन बसले. दृष्टीचं प्रवचन तर मीच दिलं होतं.

मुतिंता चिडली असती तर परवडलं असतं. तिने मोडलेली कणसं गोळा करून टोपलीत भरली, मुकुंदसमोर उभी राहिली आणि विचारलं, "आता काय करायचं ते सांग."

महिना-दीड महिन्यात हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तो उठला. मिनीबसने लिव्हिंग्स्टनच्या बाजारात गेला आणि या वेळी प्रत्येक मिरची चावून बघितली. दुपारी परतला तो सुजलेले ओठ, लाल डोळे आणि नखाएवढ्या मिरच्यांचं अर्धं पोतं घेऊन. बोलता येत नव्हतं, खुणेनेच "ही" म्हणाला. पुन्हा विटा वाळवायला तीन दिवस कुठून आणायचे? मी म्हटलं, "विटा कशाला? दृष्ट काढतो तशा निखाऱ्यावर टाकू." मुकुंदने जुन्या डब्यांना भोकं पाडली, तारेने कुंपणाच्या खांबांना टांगली, वाऱ्याची दिशा बघून जागा ठरवल्या. पहिल्या डब्यात मूठभर मिरच्या पडल्या मात्र, मी, ईरा, मुतिंता, तिच्या कोंबड्या, सगळे खोकत पळालो. "नाऊ दॅट्स सायन्स," ईरा शिंकांच्या मधून म्हणाली.

त्या रात्री डब्यांत निखारे घालायला तो शेतावरच राहिला. मी झोपले, खोटं कशाला सांगू. सकाळी उठले तर फोन माझ्या उशाशी होता, तो विसरून गेला होता. अंगणात काळाठिक्कर तोंडाने चहा पीत बसला होता. "कुंपणापर्यंत आले, फुरफुरले आणि वळले," एवढंच म्हणाला आणि हसला. त्याला असं हसताना पाहून माझे डोळे भरून आले, आणि नशीब, कारण विचारलं असतं तर सांगायला मिरची होतीच.

पुढच्या रात्रीही हत्ती वळले. पण काढणीला अजून तीन-चार आठवडे होते आणि आमचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. मुकुंदने डब्यांचा नकाशा काढून दिला, मुतिंताच्या पुतणीकडून सगळं एकदा करून घेतलं आणि आपला नंबर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला.

घरी आलो. सोफा होता तिथेच होता. आठवड्याभराने कंपनीचा फोन आला, पण तो बोलावण्याचा नव्हता. नोकरी खलास, पत्र घेऊन जा. मुकुंद गेला, सही केली, पत्र आणून फ्रिजवर ठेवलं आणि म्हणाला, "लिव्हिंग्स्टनला पाऊस नाही ना झाला? निखारे विझतील." मग कळलं, परतल्यापासून छातीवरचा फोन कंपनीच्या नव्हे, मुतिंताच्या फोनची वाट बघत होता.

मेच्या मध्यावर तो अंघोळीला असताना मेसेजचा टोन वाजला. साबणासकट बाहेर आला. मुतिंताचा होता. मी मोठ्याने वाचला: "मका घरात आला. बहिणीकडे जावं लागणार नाही. इंजिनीअरला सांगा, पुढच्या हंगामाला या. माझ्याकडे काम आहे. जेवण देईन."

त्या वर्षी आमच्या सबंध बिल्डिंगमध्ये कुणालाच ऑफर लेटर आलं नव्हतं. आमच्याकडे आलं. मुकुंदने ओले हात टॉवेलला पुसले, माझ्याकडून फोन घेतला आणि दाराशी उभ्या उभ्याच उत्तर टाइप केलं: "थँक यू. जॉइनिंग डेट कळवा. मिरची या वेळी मी चाखून आणीन."

कंपनीचं पत्र फ्रिजवरून पुढे कुठे गेलं ते आता आठवत नाही. तो मेसेज मात्र त्याने वहीत उतरवून ठेवलाय.