मले आवडलं नाही

“कट, कट! ‘मले’ नाही, ‘मला’ म्हण. व्हिडिओ पुण्यापर्यंत जाणार आहे.”

कॅमेरा धरलेला पोरगा असं म्हणाला आणि खोलीतली सगळी पोरं खिदळली. तुमसरमध्ये, त्याच्या वडलांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसवरच्या खोलीत आम्ही एका अंडरग्राउंड रॅपरचे चाहते जमलो होतो. नवा अल्बम आला होता. एकेकाने कॅमेऱ्यापुढे मत द्यायचं, मग ते फॅन पेजवर चढणार. पेज त्याचं, कॅमेरा त्याचा. मुलगी मी एकटीच.

माझ्याआधी सगळ्यांची मतं झाली होती. मतं कसली, आरत्या. “भाई, आग लावली.” “एकदम रॉ.” एकाला तर पाचव्या गाण्यातली भाषा ऐकून अंगावर काटा आला म्हणे. त्या गाण्यात नागपूरचा तो रॅपर खदानीतल्या मजुराच्या तोंडून ओरडतो, “मले गाडलं!” त्याच्या तोंडी ‘मले’ म्हणजे हार्डकोर. माझ्या तोंडी तोच शब्द म्हणजे अडाणीपणा.

आणि मला शिकवणारा कोण? तुमसरचाच. दोन वर्षं पुण्यात राहून आला, एवढंच. आईचा फोन आला की जिन्यात जाऊन हळूच बोलायचा, “मले जेवाले उशीर होईन.”

मी काय केलं? मुकाट्याने ‘मला’ म्हटलं. त्याची लाज मला आजही वाटते. निदान मत तरी सांगू देतील, असं वाटलं होतं.

“मला पाचवं गाणं खोटं वाटलं,” मी म्हटलं. “तो रॅपर कोळशाच्या भुयारात गाडला गेलो म्हणतो. गाण्यात गाव मात्र चिखला. चिखल्यात कोळसा नाही, मॅगनीज निघते. माझे बाबा तिथंच खाली उतरतात.”

“कोळसा राहू दे, फील येतो,” कॅमेरेवाला म्हणाला आणि कॅमेरा बंद केला. त्याच्या वडलांचे ट्रक रोज चिखल्याचं मॅगनीजच वाहतात. त्या काळ्या दगडाच्या जिवावर हा पुण्यात राहिला, आणि त्याचं नाव घ्यायलाही याला जड जात होतं.

व्हिडिओ आला. माझं मत त्यात नव्हतंच. फक्त पहिल्यांदा निघालेलं “मले”, तीनदा, आणि त्यावर हसण्याचा आवाज. खाली हसऱ्या तोंडांची रांग. हे म्हणे बंडखोर गाण्यांचे चाहते! बंड कानात घालायचं आणि मालकासारखं वागायचं.

खाणीतली पहिली पाळी करून बाबा घरी आले. पाय धुऊन बसले, माझा फोन मागितला, व्हिडिओ दोनदा पाहिला.

“काहून हासून राहिले वं हे लोक? तू त काहीच नाही बोलली.”

बाबांना विनोद कळला नाही, कारण त्यात विनोद नव्हताच. मला मात्र कळला होता. तेव्हा मला त्या पोरांच्या आधी माझाच राग आला.

दोन दिवसांनी त्याचा फोन. आता पेजसाठी त्याला अस्सल खाणकामगार हवा होता.

“तुझ्या बाबांना कॅमेऱ्यासमोर आण. तोंड धुवू नका म्हण, काळंच राहू दे. फक्त ‘मले गाडलं’ म्हणायचं.”

“माझ्या बाबाले कोणी गाडलं नाही,” मी म्हटलं. “रोज उतरतेत अन् सोताच्या पायानं वर येतेत. तू आमच्या घरी कॅमेरा घेऊन येजो नोको.”

“अगं, गंमत होती ती. नाहीतर तुला पेजवरून काढून टाकीन हां.”

“काढ.”

त्याच दुपारी मी अंगणात उभी राहून, ‘मले’ म्हणतच, माझं मत रेकॉर्ड केलं आणि माझ्या नावानं टाकलं. पहिली तीन गाणी जबर आहेत, तेही सांगितलं. पाचवं लबाड आहे, तेही. खाली शिव्याच जास्त आल्या. “आधी बोलायला शीक,” एकाने लिहिलंय. मी काहीही खोडलेलं नाही. पुढचा अल्बम येईल. त्यात खदान येवो, धान येवो, खोटं असलं तर मी खोटंच म्हणणार. परवानगी मागणार नाही. आणि कुणाच्याही सांगण्यावरून माझं वाक्य बदलणार नाही.