टॉलिव्हरच्या गाडीची चार बेअरिंग

इंजिन सुरू झालं, आतून कोणी हातोडी मारल्यासारखं ठोकायला लागलं आणि गचकन थांबलं. त्यानंतर इंजिन फिरवायचं पुढचं हँडल जागचं हलेना. आधी डेव्हने जोर लावून पाहिला, मग अनिकेतने. मी लावला नाही. तो आवाज ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं. नवी कोरी बेअरिंग टाकून ही तऱ्हा!

शेडच्या दारात मार्जरी काठी टेकून उभी होती. तिने विचारलं, "माझ्या आजोबांच्या गाडीचा आवाज हाच का?"

"नाही. हा चुकीचा आवाज आहे," मी म्हटलं.

"मग बरोबर आवाज मला कधी ऐकायला मिळणार? माझं वय बघून सांग."

मी डेट्रॉइटच्या एका मोठ्या कंपनीत इंजिन डिपार्टमेंटला आयुष्यभर नोकरी केली. रिटायर झाल्यावर शहराजवळच नोव्हायला घरात बसून करायचं काय, म्हणून तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या गावातल्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर झाले. तिथे एक जुनी गाडी होती. याच गावात एझ्रा टॉलिव्हर नावाच्या माणसाने मोटारींचा कारखाना काढला होता आणि त्याच्या गाड्यांपैकी ही एवढी एकच शिल्लक राहिली होती. मार्जरी त्याची नात. गाडी तिच्या मालकीची, म्युझियमला नुसती ठेवायला दिलेली. दुसऱ्या राज्यातलं एक बडं म्युझियम गाडी मागत होतं. मार्जरीने आम्हाला सरळ सांगितलं होतं, गावाच्या स्थापना दिनाच्या परेडमध्ये गाडी स्वतःच्या इंजिनावर चालली तर गावात राहील, नाही तर जाईल. "आजोबांनी ती चालायला बनवली होती. नुसती उभीच राहायची असेल तर कुठेही राहू दे."

आम्ही तिघं या कामावर होतो. डेव्ह रिटायर्ड प्लांट मॅनेजर, त्यामुळे कोणी न नेमताही आमचा बॉस. अनिकेत मूळचा नागपूरचा, आठवडाभर लॅपटॉपवर इंजिन कॅलिब्रेट करतो आणि शनिवारी इथे येऊन हात काळे करतो. मला काकू म्हणतो. आणि तिसरी मी.

हा टॉलिव्हर बग्ग्या बनवणाऱ्याचा मुलगा. शेतावरच्या मशीनसाठी इंजिनं बनवता बनवता त्याने एक इंजिन बापाच्या बग्गीला बसवलं आणि गावभर फिरवलं. घोडे बिथरले, लोकांनी शिव्या घातल्या आणि त्यांतल्याच काहींनी पुढे गाड्या ऑर्डर केल्या. बघता बघता कारखाना उभा राहिला. तिथला नियम असा, की एक इंजिन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने जुळवायचं. तेवढ्यात डेट्रॉइटमध्ये नवी पद्धत आली. पार्ट एकसारखे बनवायचे, कुठलाही पार्ट कुठल्याही गाडीत बसला पाहिजे. टॉलिव्हरचे पार्टनर म्हणाले, आपणही तसंच करू. तो नाही म्हणाला. पार्टनरांनी त्याला त्याच्याच कंपनीतून बाहेर काढलं, पण तोवर गिऱ्हाईकं डेट्रॉइटच्या गाड्यांकडे वळली होती आणि पुढे कंपनीही बुडाली. उरलेलं आयुष्य त्याने गावातच गॅरेज चालवून काढलं, तेही दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत.

मला विचाराल तर मला हा माणूस हट्टी आणि खुळा वाटायचा. माझी सगळी नोकरी पार्ट एकसारखे कसे निघतील हे बघण्यात गेली. त्याचे पार्टनर बरोबर होते, असं मी मार्जरीच्या तोंडावरही म्हटलं होतं. ती म्हणाली, "आजीही तेच म्हणायची."

असो. इंजिन खोललं.

इथे थोडं समजावून सांगते. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि खाली एक वाकडातिकडा दांडा गोल फिरतो, त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. हा रॉड शाफ्टच्या ज्या गोल भागाला धरतो ती पिन, आणि धरणाऱ्या भागाच्या आत मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं, ते बेअरिंग. पिन आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलापुरती जागा हवी. जागा जास्त झाली तर इंजिन ठोकतं, कमी झाली तर धातू तापून धरून बसतो. आमच्या चार बेअरिंगपैकी काही ठोकत होती आणि एक धरून बसलं होतं. दोन्ही रोग एकाच इंजिनाला.

अनिकेतने मायक्रोमीटर घेऊन चारही पिना मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"काकू, चारही वेगवेगळ्या आहेत."

"आपण बेअरिंग बनवायला दिली तेव्हा कुठली मोजली होतीस?"

"पुढची. तुम्हीच म्हणाल्या ना, एक मोजली की झालं?"

म्हणाले होते. डेव्हनेही मान डोलावली होती. आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही, की एका इंजिनाच्या चार पिना चार मापांच्या असू शकतात. शिकाऊ पोराने चारही मोजल्या असत्या. आमच्या हाडीमाशी खिळलेलं, की एक बघितला म्हणजे सगळे बघितले. टॉलिव्हरच्या कारखान्यात पिना हाताने घासून गोल करायचे. गोल झाली की थांबायचं. माप जे येईल ते येईल, बेअरिंग त्या पिनेला जुळवून घ्यायचं.

डेव्ह म्हणाला, "सोपं आहे. शाफ्ट मशीनवर चढवू, चारही पिना ग्राइंड करून एका मापाच्या करू. माझ्या ओळखीचं शॉप आहे."

"शाफ्ट आधीच बारीक आहे. अजून घासला आणि परेडमध्ये तुटला तर?" मी म्हटलं.

"आणि नाही घासला तर परेडच नाही. वसू, यू ऑफ ऑल पीपल! तू आयुष्यभर हेच केलंस."

"म्हणूनच सांगते. नवीन शाफ्टचा प्रश्न असता तर मीच घासायला लावला असता. हा जगात एकच आहे. घासलेलं परत लावता येत नाही."

"मग तुझा प्लॅन काय?"

"बेअरिंगचा पांढरा धातू वितळवून मुद्दाम जरा जाड ओतून घेऊ आणि एकेक हाताने खरवडून पिनेला बसवू. त्याच्यासारखं."

"हे कोणाला येतं?"

"मला."

खरं तर मला फाइल, म्हणजे कानस, मारणं येत होतं. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप असायचं. लोखंडाचे दोन तुकडे घासून एकमेकांत असे बसवायचे, की मधून उजेड दिसता कामा नये. त्याला आम्ही 'जॉब' म्हणायचो. वर्गात आम्ही जेमतेम मूठभर मुली. वर्कशॉपचे सर आमचे जॉब दिव्याकडे धरून बघायचे आणि पुन्हा घासायला परत द्यायचे. मी रडकुंडीला यायचे. पण जॉब पास करूनच सोडला होता. बेअरिंग खरवडणं हे त्याच जातीचं काम आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि डेव्हला जास्त काही सांगितलं नाही.

पद्धत सांगते. पिनेला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा. त्यावर बेअरिंग बसवून शाफ्ट थोडा फिरवायचा आणि बेअरिंग काढून बघायचं. जिथे निळं लागलं तिथे ते टेकतंय. तेवढीच जागा स्क्रेपर नावाच्या हत्याराने खरवडायची. पुन्हा निळं, पुन्हा बसवणं, पुन्हा खरवडणं. सगळीकडे सारखे निळे ठिपके उमटले की झालं. घाई केली आणि जास्त धातू निघाला, तर बेअरिंग पुन्हा ओतून घ्यायचं. पहिलं बेअरिंग मी तसंच वाया घालवलं.

दुसरं जमलं. मग मी शनिवारची वाट बघणं सोडलं आणि रोज जायला लागले. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणाला निळी नखं घेऊन गेले, तेव्हा एका मावशींनी काळजीने विचारलं, "अगं, डॉक्टरला दाखवलंस का?"

अनिकेतलाही शिकवलं. सुरुवातीला कुरकुर चालली होती, "काकू, हे काही खरं नाही यार. याला स्पेसिफिकेशन काहून नाही?"

"पिनच स्पेसिफिकेशन. बसलं की बसलं."

"आणि बसलं हे कळणार कसं?"

"हाताला कळतं."

म्हटलं आणि माझी मलाच गंमत वाटली. नोकरीत असं कोणी माझ्या मीटिंगमध्ये बोललं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं. पण चौथ्या बेअरिंगच्या वेळी अनिकेतने न बघता शाफ्ट फिरवला आणि म्हणाला, "डावीकडे धरतंय." काढून बघितलं. निळं डावीकडेच होतं. टॉलिव्हर मला खुळा वाटायचा तो त्या दिवसापासून वाटेनासा झाला. हट्टी मात्र तो होताच.

परेडच्या सकाळी गाडी शेडबाहेर ढकलली. हँडल फिरवायचं काम डेव्हने मागून घेतलं. पहिल्यांदा नुसती फुसफूस. दुसऱ्यांदा तेच. पुन्हा फिरवल्यावर इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं. मी वाकून कान लावला. कुठेही ठोकत नव्हतं. सारखी, भरीव धडधड. डेव्हने माझ्या पाठीवर थाप मारली ती अजून दुखते आहे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मार्जरीला वर बसवलं. मेन स्ट्रीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी गेली, परेडच्या बँडच्या मागून. शेवटी गाडी थांबली, पण इंजिन बंद करू नका असं मार्जरीने हातानेच सांगितलं आणि कितीतरी वेळ तशीच ऐकत बसली.

मग मला जवळ बोलावलं. "गाडी गावातच राहील. चालती राहील तोवर. ही बेअरिंग किती टिकतील?"

"मऊ धातू आहे. झिजणार. अधूनमधून खोलून पुन्हा जुळवावी लागतील."

"कोण जुळवेल?"

डेव्ह आकाशाकडे बघायला लागला. पार्ट बदलायचा असता तर कोणीही बदलला असता. हे हाताने बसवलेलं काम, ते त्याच हातांना कळणार. टॉलिव्हरच्या गिऱ्हाईकांनी शेवटी दुसऱ्यांच्या गाड्या का घेतल्या, ते मला त्या क्षणी लख्ख कळलं.

"मी," मी म्हटलं. "आणि हा अनिकेत."

"काकू!" अनिकेत मागून मराठीत कळवळला. "माझं ग्रीन कार्ड आलं की मी पार पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला शिफ्ट होणार होतो!"

"मग जाण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी शिकवून जा."

गाडी गावातच आहे. तेव्हा एखादी वस्तू हाताने बसवायला घेण्याआधी नीट विचार करा. चांगली बसली, तर ती जन्मभर तुम्हालाच सांभाळावी लागते.