वीसपर्यंत मोजताना

दादाच्या बंद स्टुडिओतला मोठा एन्लार्जर, निगेटिव्हवरून कागदावर फोटो पाडायचं यंत्र, मी पूनम सागर सोसायटीतल्या माझ्या घरी आणला. त्याच्या भात्याची अकरा भोकं बुजवून आज दिवा लावला, तर तापलेल्या धुळीचा तोच लहानपणीचा वास आला.

तेव्हा आईचा बारावा दिवस होता. तेराव्याला फोटो हवा होता. दादाने तिची निगेटिव्ह लावली. "वीस सेकंद मोज. माझ्याच्याने नाही होणार."

कागदावर सगळं उलटं पडलं. आईचे काळे केस पांढरेशुभ्र दिसले. अडतिसाव्या वर्षी गेलेली आई म्हातारी झाली होती. मी सातावर अडकलो.

"मोज ना रे, फोटो काळा पडेल."

पडलाच. भिंतीवर तोच लागला.

आज तीच निगेटिव्ह. मी बावन्न वर्षांचा, दादाही नाही. आई पुन्हा पांढऱ्या केसांची. मी कागद ठेवलाच नाही. दिवा फार तापेपर्यंत तिच्याकडे बघत बसलो.