तिचं नाव मी इंग्रजीत घेतलं

आमच्या हिचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी लेकीनं माझी पिशवी भरली. गुहागरकडची आमची वाडी सोडताना तुम्ही वाडीतले सगळे बांधावर उभे होतात. "बाबा, चल आता, एसटी चुकेल," लेक म्हणाली. मी कुणाकडे बघितलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा माजला. बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

रत्नागिरीत मांडवीला लेकीची दोन खोल्यांची जागा. ती आणि जावई कामावर गेले की दिवसभर मी आणि भिंती. गावात कुत्रंसुद्धा ओळखायचं. इथे शेजारी दार लोटून घेतात. वरच्या मजल्यावर केनियाचे दोघे राहतात, जोसेफ आणि सॅम्युअल. मासळीचं शिकायला आलेत. एकदा जोसेफ बांगडे घेऊन जिन्यात उभा, साफ कसे करायचे कळेना. मी विळी आणली नि बसलो. "फर्स्ट हेड. देन पोट." पोटाचं इंग्रजी ठाऊक नव्हतं. तो हसला, "टीचर!" मी चौथी नापास माणूस.

मग रोज संध्याकाळी पायरीवर बसू लागलो. ते मला इंग्रजी शिकवत, मी त्यांना मराठी. व्हॉट इज युवर व्हिलेज, हाऊ मेनी चिल्ड्रन. जावई चिडवायचा, "मामा, पासपोर्ट काढू काय?" मी म्हणायचो, "काढ. तुझ्या आधी जातो."

एक दिवस सॅम्युअलनं विचारलं, "युवर वाइफ, व्हॉट नेम?"

साधा प्रश्न. माझी जीभ उचलेना. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात बहिणीनं दार अडवलं म्हणून उखाण्यात घेतलं, तेवढंच. पुढे सगळा संसार "अगो"वर. मी पडवीतून "अगो" म्हणायचं, तिनं मागच्या दारातून "ओ" द्यायची.

दवाखान्यात ती शुद्धीत नव्हती. नर्स म्हणाली, "आजोबा, नावानं हाक मारा, कधीकधी ऐकू येतं." खोलीत लेक, जावई, परकी माणसं. मला लाज वाटली. मी आपला "अगो, अगो" करत राहिलो. नर्स चिडली, "अहो, नाव घ्या ना!" नाही घेतलं. आमची ही गेली. ऐकलं असतं की नसतं, कोण सांगणार? पण मी हाक मारली नाही, हे खरं.

हे त्या पोरांना कसं सांगू? म्हटलं, "माय वाइफ नेम सुलोचना." परक्या भाषेत लाज आडवी आली नाही. सॅम्युअल हळू म्हणाला, "सुलोचना." मी तिथंच ढसाढसा रडलो. आत लेक भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

वर्षश्राद्धाला गावी आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, मागच्या दारी म्हातारा कुणाला बोंबलत होता? तिलाच. तीनदा, नावानं, गळा फाटेस्तोवर. पोफळींतून कावळे उडाले, बाकी काही नाही.

आमच्या पोफळींची सुपारी तुम्हीच काढा आणि वाटून घ्या. घराकडे कधी येणार, ते मात्र विचारू नका. मागच्या दारातून ओ यायची, तेवढंच माझं घर होतं.