अमीनाबीचा नमुन्यांचा पट्टा

अमीनाबी गेली हे मला पाणवठ्यावर कळलं. विसरवाडीला लेकीकडे गेली होती, तिथेच हिवतापाने... बायका बोलत होत्या, मी घागर उचलून निघून आले. पिंजाऱ्याच्या बायकोसाठी मी का रडते, हे घरात कोणाला सांगणार?

तिचा नवरा आमच्या नवापुरात कापूस पिंजायचा, ती जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायची. बाजारात गोधड्या वाहून नेणं तिच्या कंबरेला झेपेना, म्हणून तिने प्रत्येक नक्षीचा एकेक चौकोन शिवला, ते सगळे जुन्या धोतराच्या लांब पट्ट्यावर टाचले आणि वरच्या टोकाला वेळूची काठी घातली. गुंडाळी काखेत मारून यायची, लिंबाच्या फांदीला काठी बांधायची, पट्टा खाली सोडायची. बायका बोट लावून सांगायच्या, "माले हाई नक्षी शिवी दे."

माझी लेक सुमन देवीच्या साथीत गेली. पुन्हा दिवस राहिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिचं कापड आता घरात नको, रंगावलीत सोडून ये." नदीपर्यंत मला जाववेना. तिचा पिवळ्या चिटाचा झगा मी अमीनाबीच्या हाती दिला.

पुढे एका बाजारात पट्ट्यावर मला तो पिवळा रंग दिसला. अनोळखी बायका त्याच्यावरून हात फिरवत होत्या. गर्दी हटल्यावर कसंबसं म्हटलं, "तुला नदीत सोडायला दिला होता ना?"

"नदीमा वही जाता, बहीण," ती हळूच म्हणाली. "आठे बाया हात तं फिरावतस."

त्या दिवशी मी रागाने परत आले. पण पुढच्या बाजारी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले. एकदा शेजारची सीताबाई हसून म्हणाली, "काय वं, तुले दर बाजारले गोधडी लागस का?" मी गोरीमोरी झाले. अमीनाबीच बोलली, "मन्ही पहिली गिऱ्हाईक शे ती. इकत लेस काहीच नही, भाव तेवढा इचारस!"

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर लेक शरीफा आमच्या परसदारी आली. पट्टा उलगडला, माझ्या हातात कात्री दिली. "अम्मानी सांगेल शे, पिवळा चौकोन तुन्हा शे. कापी ले."

आत सासूबाई तान्ह्याला पाळण्यात झोके देत होत्या. मी कात्री कापडाला लावली... कापून ठेवणार कुठे? पेटीच्या तळाशी, जिथे मलाही हात लावायची चोरी? आणि शरीफा आता पट्टा विसरवाडीच्या बाजारात टांगणार. तिथवर मला कोण जाऊ देणार?

मी कात्री तिला परत दिली. ती गुंडाळी काखेत घेऊन निघाली, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "भर उन्हात टांगू नकोस गं... तिला ऊन सोसत नाही."